रुप्याचा निखारा

रुपाळ्याची पोरं निरोगी निघाली, हीच त्या अभ्यासाची पंचाईत होती.

बाळाच्या वाळ्यांपासून नवरीच्या कमरपट्ट्यापर्यंत चांदीचा दागिना म्हटला की आसपासच्या चार जिल्ह्यांत रुपाळ्याचंच नाव निघे. घरटी एक भट्टी, एक मूस आणि ओसरीवर कड्या जोडत बसलेल्या दोन-तीन बाया. कडीला कडी जोडताना वितळत्या मिश्रधातूचा जो डाग देतात, त्यात पिढ्यान्‌पिढ्या शिसं आणि कॅडमियम होतं. पुढे नियम आले, विजेच्या भट्ट्या आल्या, डागही बदलला. पण जुनं विष घरातून इतक्या सहजी जात नाही, या अंदाजानं कोल्हापूरच्या एका आरोग्य संशोधन केंद्रानं गावात ठाण मांडलं होतं. चौथं वर्ष चालू होतं. माती तपासली, ती खराब निघाली. घरातली धूळ त्याहून खराब निघाली. म्हाताऱ्या कारागीर बायांची मूत्रपिंडं थकलेली आढळली. शाळेतली पोरं मात्र ठणठणीत. अभ्यासात हुशार, खो-खोत तालुक्यात पहिली.

"विष आहे आणि पोरांत दिसत नाही," केंद्राच्या प्रमुख डॉ. निलोफर मुजावर म्हणायच्या, "म्हणजे एक तर आपलं यंत्र चुकतंय, नाहीतर आपला प्रश्न."

यंत्र चुकत नव्हतं. दुधाच्या दाताचं कवच बाळ पोटात असतानाच घडू लागतं. रोज एक थर, केसाहून कितीतरी पातळ. त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या थरात अडकतं, आणि एकदा घडलेलं कवच पुन्हा बदलत नाही. जन्माच्या धक्क्यानं त्यात एक गडद रेघ उमटते. रेघेच्या अलीकडे पोटातले महिने, पलीकडे जगातले पहिले आठवडे. पूर्वी हे वाचायला दात परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागे. आता टेबलावर मावणारा दंतवाचक आला होता. त्यातला लेसर दाताच्या पातळ कापावर ठिपक्यामागून ठिपका जाळत जाई, उडालेल्या वाफेतले अणू वजनानुसार वेगळे होत, आणि तासाभरात पडद्यावर आलेख येई: कोणत्या दिवशी किती शिसं, किती कॅडमियम. रुपाळ्याच्या शाळेतून गोळा केलेल्या दातांचे आलेख एकजात सपाट होते.

तुलनेसाठी गावाबाहेरच्या मुलांचे दात हवे होते. केंद्रातल्या लोकांनी आपापल्या घरचे आणून दिले. पद्मजा मगदूमनं आपल्या मुलीचा, चंदनाचा दिला.

पद्मजा रुपाळ्याची माहेरवाशीण, गडहिंग्लजला दिलेली. केंद्रात ती क्षेत्र-सहायक होती. कुठल्या दारात चपला काढायच्या आणि कुठल्या दारात नुसतं उभं राहायचं, हे तिला ठाऊक म्हणून डॉक्टरांनी तिला घेतलं होतं. चंदना सात वर्षांची. तिला दहा-बारा शब्द येत, त्यातले तीन आजीचे लाडाचे. कुणी हसलं की ती हसे. गोष्ट ऐकताना शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरे, म्हणून तीच गोष्ट तिला रोज नवी वाटे.

"पद्मजा," डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, "पुड्यांची अदलाबदल झालीय का बघ. गडहिंग्लजच्या दातात हे कसं आलं?"

पडद्यावरचा आलेख जन्माच्या रेघेपर्यंत सपाट होता. रेघेनंतर तो एकदम चढला होता, कड्यासारखा. तसाच पुढे चालत गेला होता, आणि दीड-एक महिन्यानं एकाएकी खाली आला होता. मधेच एक दरी होती. काही दिवस पूर्ण सपाट, मग पुन्हा तोच कडा.

"दात चंदनाचाच आहे, मॅडम. पुडी माझ्या हातची आहे."

डॉक्टर पडद्याकडून तिच्याकडे वळल्या. चंदनाला त्यांनी पाहिलेलं होतं. "बाळंतपण कुठं झालं होतं?"

"इचलकरंजीच्या दवाखान्यात."

"तिथून?"

"माहेरी. रुपाळ्याला. सव्वा महिना होते."

हे बोलताना पद्मजाची नजर त्या दरीवर होती. "हे इथं," ती म्हणाली, "आप्पा गेले. माझे वडील. सुतक होतं."

"सुतकाचा काय संबंध?"

पद्मजानं सांगितलं. रुपाळ्यात बाळंतिणीच्या बाजेखाली जी शेगडी ठेवतात, तिच्यात साधा कोळसा चालत नाही. चांदी आटवायच्या भट्टीतलाच लागतो. ज्या विस्तवानं रुपं, म्हणजे चांदी, शुद्ध होते, त्याच्या धगीजवळ वाईट काही फिरकत नाही, अशी श्रद्धा. त्याला रुप्याचा निखारा म्हणतात. भट्ट्या विजेच्या झाल्या तरी घराघरांत पत्र्याच्या डब्यात ते जुने कोळसे जपून ठेवलेले आहेत. टाकून कुणी देत नाही, कारण कोळशाला चांदीचे कण चिकटलेले असतात. पाणी मारून विझवायचे, वाळवायचे, पुढच्या बाळंतिणीला पुन्हा पेटवायचे. अगदी भुगा झाला की राखेतून चांदी गाळणारा झारेकरी येऊन विकत नेतो. सुतकात मात्र त्या विस्तवाला हात लावत नाहीत. आप्पा गेले तेव्हा काकांनी खोलीत विजेचा हीटर आणून ठेवला होता.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे जुने दागिने आटवताना उडालेला तीस-चाळीस वर्षांचा डाग त्या कोळशांत मुरलेला. पेटवला की वाफ. बंद खोली, कोवळं फुप्फुस, कोवळा मेंदू." मग त्या एकदम सरळ बसल्या. "पण मग गावातल्या मुलांत का नाही?"

उत्तर दोघींना बहुधा एकाच वेळी सुचलं, पण बोलली पद्मजा. "गावातली मुलं गावच्या सुनांची आहेत, मॅडम. त्या बाळंतपणाला आपापल्या माहेरी जातात. निपाणी, आजरा, चिकोडी. रुपाळ्यात रुपाळ्याच्या लेकी येतात. आणि सव्वा महिन्यानं बाळ घेऊन सासरी जातात."

"प्रसूती कुठल्या दवाखान्यात झाली, हे आपण प्रत्येकीला विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "तिथून ती कुठं गेली, ते विचारलं नाही. चार वर्षं."

पद्मजाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फोन लावत होती. धाकटी बहीण दर्शना बाळंत होऊन रुपाळ्याच्या त्याच खोलीत, त्याच बाजेवर होती. फोन कुणी उचलेना. ही बाळाच्या आंघोळीची वेळ. आंघोळीनंतर धुरी आणि शेक.

*

माहेरचं दार उघडंच होतं. तिची आई, शालन, चुलीसमोर बसून बाळंतिणीसाठी ज्वारीची पातळ भाकरी थापत होती. "अगं, ह्या वेळेला? जेवलीस काय?"

पद्मजा थेट आतल्या खोलीत गेली. बाजेवर दर्शना कानाला रुमाल बांधून पडली होती, कुशीत तिचा मुलगा. पायथ्याशी चंदना बसली होती. मावशीचं बाळ बघायला म्हणून ती आठवडाभर आजीकडेच राहत होती. खोलीत ओव्याचा वास आणि खाली लालभडक शेगडी. पद्मजानं फडकं घेऊन शेगडी धरली, ओढत अंगणात नेली आणि तिच्यावर बादली उपडी केली.

चर्र आवाज ऐकून शालन पिठाच्या हातांनी धावत आली. "खुळी झालीस काय? बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव विझवतात व्हय?"

"विझव गं आक्का, विझव!" आतून दर्शना ओरडली. "वांग्यासारखं भाजून काढलंय मला. आता नुसतं तेल-मीठ लावायचं राहिलंय."

"तू गप पड," शालन म्हणाली. "आणि पद्मा, तुझ्या सासूनं कान भरले वाटतं. त्यांच्यात हीटर लावतात न्हवं, हातभर तारेचा?"

"सासूचा काही संबंध नाही. कोळशात विष आहे, आई. शिसं आहे. बाळाच्या नाकातोंडात जातं."

"आज कळलं? गल्लीतल्या साऱ्या लेकींना हाच शेक दिलाय. आमच्या पोरांना कुठं काय झालं? तूच हिंडतीस की दारोदार दात गोळा करत. तुझ्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या न्हवं सभेत, गावची पोरं ठणठणीत हायत?"

इथं थांबता आलं असतं. शेगडी विझली होती, बाळ सुटलं होतं. उरलेलं पुढं कधीतरी, डॉक्टरांच्या तोंडून, सावकाश सांगता आलं असतं. वाटेत पद्मजानं तसं ठरवलंही होतं. पण डबाभर कोळसा माजघरात होताच, आणि पाठ फिरताच तो पुन्हा पेटला असता.

"आई, मी कुठं जन्मले?"

"नेसरीला. माझ्या आईकडं."

"आणि दर्शना?"

"तिथंच की."

"समोरच्या जयपालकाकांची नातवंडं?"

"त्यांची सून निपाणीची. तिचं माहेरचं..." शालनचा आवाज मंदावला. "असलं काय विचारतीस उगंच?"

"इथं कुणाची पोरं जन्मतात, आई?"

चंदना केव्हाच अंगणात आली होती आणि उकिडवी बसून ओल्या कोळशांतून निघणारी वाफ बघत होती. तिनं एक कोळसा उचलला. शालन झडप घालून पोचली, तो कोळसा हातातून काढून फेकला, पदरानं पोरीचा तळवा खसाखसा पुसला, बोटं पुसली, पुन्हा तळवा पुसला. चंदना हसत होती. आजी काहीतरी खेळतेय असं तिला वाटलं.

पुसता पुसता शालन थांबली. तिनं पोरीचा हात हळूच सोडून दिला, आणि आपले दोन्ही हात मागे घेतले.

"सव्वा महिना दिला मी," ती म्हणाली. "आप्पा गेले तेव्हा बंद होतं. होतं न्हवं?"

"होतं."

"दातात रोजचं दिसतं म्हणं तुझ्या यंत्रात. तेवढे दिवस दिसतात?"

"दिसतात. तेवढेच चांगले आहेत."

शालन पायरीवर बसली. "म्हणजे माणूस मेलं तेवढंच बरं झालं म्हणायचं," ती म्हणाली.

आत दर्शना काही विचारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शालननं स्वतः फोन करून दर्शनाच्या सासरच्यांना बोलावून घेतलं आणि ओल्या बाळंतिणीला गाडीत बसवून दिलं. दर्शना रडली. शालननं दृष्ट काढली, पण बाळाला हात लावला नाही. बाळाच्या रक्तात शिसं निघालं, मात्र थोडं. वेळेत थांबलं, असं डॉ. मुजावर म्हणाल्या. किती वेळेत, हे त्याचे दुधाचे दात पडतील तेव्हाच कळणार होतं.

*

पद्मजाच्या सासूबाईंनी सात वर्षं एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हटलं होतं: आमच्या घराण्यात असलं कुणी नाही. शालन दर भेटीत तेवढ्याच तावातावानं उत्तर द्यायची, आमच्यातही न्हाई. मधल्या काळात जनुकांच्या तपासण्या झाल्या. अहवालांत कारण सापडलं नाही, आणि दुसऱ्या मुलाला धोका नाही असं लिहून द्यायलाही कुणी तयार झालं नाही.

अभय, पद्मजाचा नवरा, बॅटरीवरच्या दुचाकी दुरुस्त करायचा. आलेखाचा कागद त्यानं दुकानातच, हात पुसून, उभ्यानं वाचला. त्याला आलेख वाचता येत. त्यानं चढाच्या रेषेवर बोट ठेवलं नाही. जन्माच्या रेघेच्या अलीकडे ठेवलं.

"हे पोटातले महिने?"

"हो."

"सपाट आहे."

"हो."

"म्हणजे तुझ्यात काही नव्हतं. माझ्यातही."

"नव्हतं."

तो स्टुलावर बसला. समोर एक गाडी उघडून ठेवलेली होती. तिच्या तारांकडे बघत राहिला. तीन वर्षांपूर्वी पद्मजाला दिवस गेले होते. आणखी एक असं पोर सांभाळायला मी काय जिवंत राहत नाही, असं सासूबाई म्हणाल्या होत्या, रागानं नव्हे, थकून. अभय काहीच म्हणाला नव्हता. पद्मजानं स्वतःच ठरवलं, तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन आली, आणि चौथ्या दिवशी रुपाळ्यात धुळीचे नमुने घेत होती. माहेरी कुणाला सांगितलं नाही.

"मग ते आपण..." अभय म्हणाला.

"हो. उगाच."

त्यानंतर दोघं त्या विषयावर कधी बोलले नाहीत. सासूबाईंना मात्र अभयनं सगळं सांगितलं असावं. त्या रात्री त्यांनी चंदनाला आपल्या ताटात जेवायला घेतलं, आणि पद्मजाकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईला आता काय वाटत असंल गं?" सात वर्षांत त्यांनी व्याह्यांच्या घरची केलेली ती पहिलीच चौकशी.

*

रुपाळ्याच्या लेकी कुठं कुठं दिल्यात, हे पद्मजाला तोंडपाठ होतं. केंद्राची गाडी आता रुपाळ्यात जायची बंद झाली आणि चिकोडी, अथणी, आजरा, जतकडे फिरू लागली. लेकींच्या मुलांचे दात आले. काहींच्या आलेखात छोटी टेकडी होती, काहींच्या चंदनासारखा कडा. ज्याची त्याची खोली किती कोंदट, डबा किती जुना, त्यावर ते होतं. मोठ्यांचा मेंदू घडून झालेला असतो. बाळाचा त्याच आठवड्यांत घडत असतो. एकाच धगीत आई आणि बाळ निजली होती. आईला सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं.

या मुलांना त्यांच्या त्यांच्या गावात कुणी मंद म्हणत होतं, कुणी हट्टी. सौंदलग्याच्या राजश्रीचा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. ती पद्मजाची बालमैत्रीण, मागच्या गल्लीतल्या कलावतीकाकूंची थोरली. आलेख बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "आईला सांगू नकोस, पद्मा. शपथ हाय तुला."

"इथं तुझं सासर काय म्हणतंय?"

"म्हणू दे की. मला सवय झालीय. तिला कळलं तर ती अन्न सोडंल."

अथणीची हेच म्हणाली. आजऱ्याची म्हणाली. कुणी हात जोडून, कुणी रागावून, पण सगळ्याच. निकाल मुलाच्या आईबापांचा, त्यांच्या परवानगीशिवाय तो कुणालाही सांगायचा नाही, हा केंद्राचा नियम होता आणि तो योग्यच होता. त्यामुळे रुपाळ्यात जाऊन डॉ. मुजावरांना एवढंच सांगता आलं, की कोळसा वाईट आहे, वापरू नका. बायांनी त्यांना चहा दिला, मान डोलावली. "पोरं ठणठणीत हायत असं तुम्हीच सांगून गेलासा की, डॉक्टरीणबाई," एकजण हसून म्हणाली. डबे माजघरातच राहिले. लेकींनी आयांना जपलं, आणि त्या जपण्याच्या आड निखारा पेटता राहिला.

पद्मजानं हे आईला सांगितलं नव्हतं. पण माणसं गावात बोलतातच.

"कुणी ऐकत न्हाई म्हणं," शालन एका दुपारी म्हणाली. ती आता कड्या जोडायला बसत नसे. "कलाच्या धाकटीचं, ऐश्वर्याचं डोहाळजेवण हाय परवा. सातवा लागलाय. इथंच ठेवून घेणार."

"आई, तू तिथं जाऊ नको."

"का? विधवा म्हणून?"

"ते तर आहेच. शिवाय..."

"राजश्रीच्या पोराचं काय निघालं?" शालननं एकदम विचारलं.

"ते मला सांगता येत नाही."

"बरं. नको सांगू." शालननं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

*

ऐश्वर्याला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं होतं. गाणं चालू होतं, कुणीतरी उखाण्यासाठी नवऱ्याचं नाव विचारून तिची खेच करत होतं. शालन पांढऱ्या पातळात, दारात येऊन उभी राहिली, तेव्हा गाणं एका एका आवाजानं थांबत गेलं. पद्मजा तिच्या मागे होती. शेवटपर्यंत ती आईला परत चल म्हणत होती.

"शालनवैनी, या की," कलावती उठली. शब्द नीट होते, पाय मात्र वाट अडवून. "आतल्या अंगाला बसा. ओटी झाल्यावर वाढते तुम्हाला."

"जेवायला न्हाई आले, कला. बोलून जाते."

"आज?"

"आजच. उद्या ही पोर त्या खोलीत निजंल." शालनचा आवाज चढला नाही. बाजारात भाव सांगावा तसा तो होता. "माझ्या नातीला मी विष दिलं. चंदनाला. मायेनं दिलं, सकाळ-संध्याकाळ दिलं, कमी पडू नये म्हणून राखेतला निखारा फुंकून दिलं. ती जन्मताना शहाणी होती. माझ्या घरात येऊन ती तशी झाली."

"काय बोलतायसा वैनी! गरवारशी पोरीसमोर!"

"तिच्यासमोरच बोलते. ऐश्वर्या, तुझी आई तुला शेक देईल. घेऊ नको. आई रडंल. रडू दे."

"बाहेर न्या गं ह्यांना कुणीतरी," मागून एकीनं म्हटलं. "स्वतःच्या नातीचं झालं म्हणून दुसऱ्याच्या ओटीत राख टाकायला आल्या." दुसरी म्हणाली, पद्माच्या सासरचं रक्तच तसं, आणि आता खापर निखाऱ्यावर. पद्मजानं आईचा दंड धरला. शालन हलली नाही. तिला आणखी काही बोलायचंही नव्हतं.

ओटीचं ताट कलावतीच्या हातात तसंच होतं. "राजश्रीला मी दोन वेळा शेक दिलेला," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळेना. "पोरगं बारीक होतं म्हणून. थंडीचे दिवस होते." मग पद्मजाकडे वळली. "तू सौंदलग्याला गेलतीस म्हणं, पद्मा. गाडी घेऊन. राजश्री बोलली न्हाई मला. का गेलतीस?"

सगळ्या बाया पद्मजाकडे बघत होत्या. तिनं नियम पाळला.

कलावतीनं ताट खाली ठेवलं. ती आत गेली, माजघरात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती परसात निघून गेली. झोपाळ्यावर ऐश्वर्या फुलांनी मढलेली तशीच बसली होती. थोड्या वेळानं बायांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. निरोप कुणी घेतला नाही.

त्या वर्षी रुपाळ्यात एकही लेक बाळंतपणाला आली नाही. केंद्राच्या दृष्टीनं ते यश होतं, आणि डॉ. मुजावरांनी अहवालात तसं नमूद केलं. गावात शालनशी बोलणाऱ्या बाया दोन उरल्या. आणि घराघरांतल्या म्हाताऱ्या आया फोनवर लेकींना एकच विचारू लागल्या, तुझं पोरगं बरं हाय न्हवं, शाळेत जातंय न्हवं. आणि लेकी, बरं हाय आई, जातंय, असं म्हणू लागल्या.

त्या दिवशी डोहाळजेवणाच्या घरून परतताना मायलेकी गल्लीतून चालत होत्या. दारांतून बाया बघत होत्या. विहिरीपाशी शालन थांबली.

"पद्मा, आणखी काय असंल तर आत्ताच सांग. रोज रोज थोडं थोडं नको. आज सोसवंल मला."

"आणखी काही नाही."

"दुसरं पोर का होऊ दिलं न्हाईस?"

पद्मजा ह्या प्रश्नाला तयार नव्हती. ती जे काम करत होती त्यात विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं असतं. आई तर स्वतःहून मागत होती. "चंदनालाच वेळ पुरत नाही," ती म्हणाली. "नोकरी, फिरणं. राहिलंच ते."

"दिवसच गेले न्हाईत?"

"नाही."

शालन तिच्या तोंडाकडे बघत राहिली, राजश्रीच्या मुलाबद्दल विचारलं तेव्हा बघितलं होतं तशी. पद्मजानं नजर हलू दिली नाही.

"बरं," शालन म्हणाली, आणि चालू लागली. तिनं ते खरं मानलं की नाही, हे पद्मजाला पुढं कधीच कळलं नाही.